उजवीकडून दुसरी डिस्क

हूटगळ्ळी, म्हैसूर
३ जून २०२४

नमिता,

तुझ्या नावाआधी काय लिहायचं या विचारात माझी सकाळची कॉफी गार झाली. 'चि. सौ.' लिहिता येत नाही, त्यातलं 'सौ.' कोर्टानं खोडलं. नुसतं 'चि.' लिहिलं तर तू म्हणशील, अडीच वर्षांनी बरी आठवण झाली आशीर्वादाची. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. राग आला तरी पत्र शेवटपर्यंत वाच, कारण काम आहे.

पत्ता तुझी पुस्तकं नाशिकला पाठवली त्या कुरिअरच्या पावतीवर मिळाला. पावती मी अजून का ठेवलीय ते विचारू नकोस.

काम असं. सासूबाईंच्या, आमच्या कमलाक्षीच्या, खोलीत तू बसवून दिलेला सर्व्हर, तो चार डिस्कचा काळा डबा, गेल्या मंगळवारी ओरडायला लागला. आधी मला वाटलं बाहेर कुणाचा टेम्पो मागे येतोय. अर्धा तास झाला तरी टेम्पो काही मागे येऊन पोचेना, तेव्हा उठलो. तू लिहून ठेवलेला पासवर्ड घालून पडद्यावर बघितलं तर 'दोन नंबरची डिस्क निकामी' असं लाल अक्षरात.

तू सांगायचीस ना, एक डिस्क गेली तर घाबरायचं नाही, नवी बसवली की उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं सामान पुन्हा लावून देतात. एकदम दोन गेल्या तर मात्र संपलं. म्हणून मी घाबरलो नाही. सरळ लष्कर मोहल्ल्यात जगन्नाथरावांकडे गेलो. ते तुला आठवत असतील. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. दुकान तेच, पाटीवर शब्द वाढत गेले. त्यांनी त्याच मापाची नवी डिस्क दिली.

तेव्हा सगळं ठीक आहे. बसवायचं तेवढं राहिलंय. फक्त एक सहज विचारायचं होतं. समजा कुणी चुकून वाईट डिस्कच्या ऐवजी चांगली बाहेर ओढली, तीही डबा चालू असताना, तर काय होतं? मी नाही ओढली. जगन्नाथरावांच्या एका गिऱ्हाइकाचं तसं झालंय, ते विचारत होते.

फोन करता आला असता. पण फोनवर 'हं' आणि 'बरं' यांच्यापुढे माझी गाडी जात नाही, तुला ठाऊक आहे. लिहिताना बरं वाटतं. माझी शाळा सगळी कन्नडातली. असलं मराठी लिहायला तूच शिकवलंस. तू लग्न होऊन आलीस तेव्हा आमचं घरातलं बोलणं ऐकून म्हणाली होतीस, "अप्पा, यातलं मराठी कुठलं आणि कन्नड कुठलं?" कमलाक्षी म्हणाली, "तेच आम्हाला कळलं असतं तर काय पाहिजे होतं?" मग तुम्ही दोघी हसत सुटलात आणि गॅसवरचा उपमा लागला. ती काही तुझं पुस्तकातलं मराठी शिकली नाही. मी शिकलो.

समोरच्या मोकळ्या जागेत तीन मजली घर उभं राहिलंय. आपल्याकडे आता दुपारी दोननंतर ऊन येत नाही.

उत्तर लवकर पाठव. गिऱ्हाईक घाईत आहे.

श्रीनिवासराव


८ जून २०२४

नमिता,

गिऱ्हाईक वगैरे कुणी नाही. मीच तो.

तू हे पहिल्या पत्रातच ओळखलं असशील. पोस्टात टाकून घरी येईपर्यंत मलाच माझी लाज वाटली. आता जसं झालं तसं सांगतो.

डब्याच्या खणांवर आकडे नाहीत. पुढे चार बारके दिवे आहेत, त्यातला एक नारिंगी झाला असणार, पण मागच्या वर्षीपासून मी त्या खोलीत झोपतो आणि ते दिवे डोळ्यांवर येतात म्हणून त्यांवर काळी टेप चिकटवली होती. टेप काढून बघायचं सुचलं नाही. दोन नंबरची म्हणजे दोन नंबरची, त्यात बघायचं काय? मी दोन नंबरची काढली. आपल्या मोजणीनं.

आपली मोजणी तुला माहीत आहे. लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या कापड रंगवायच्या रंगशाळेत विहीर उजव्या अंगाला होती. पहिला हंडा विहिरीकडचा, त्यात सगळ्यात फिका रंग, आणि तिथून डावीकडे सरकत सरकत शेवटच्या हंड्यात गडद. रंगशाळा बंद होऊन चाळीस वर्षं झाली तरी घरात उजवीकडून मोजायचं कुणी थांबवलं नाही. कमलाक्षीचे फडताळातले डबे तसेच. "तिसऱ्या डब्यातली डाळ आण" म्हटल्यावर तू पहिल्या आठवड्यात दर वेळी साखर आणायचीस. सासूबाई छळतात असं तुला वाटलं होतं, हे तू मला खूप नंतर सांगितलंस.

तर मी उजवीकडून दुसरी ओढली. डबा चालू होता. डब्यानं आधी एक लांब सूर काढला, मग गप्प झाला. ते गप्प होणं मला बरं वाटलं, बघ माझी अक्कल. नवी डिस्क त्या खणात सारली आणि चहा ठेवायला गेलो. येऊन बघतो तर पडद्यावर काहीच नाही. फोटो नाहीत, कागद नाहीत, कमलाक्षीच्या आवाजाचे त्रेचाळीस भाग नाहीत.

जगन्नाथरावांना रिक्षात घालून घरी आणलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. पडद्यावर प्रश्न होता, सगळं मिटवून नव्यानं सुरू करायचं का. ते म्हणाले, "सुम्ने, उगीच विचारतंय हो ते. आय्तु, झालं, हो म्हणून दाबतो." मी त्यांचा हात धरला. चांगला घट्ट धरला. म्हणालो, "जगन्नाथराव, बेडा, नको. ज्या बाईनं हे बसवलंय तिला विचारल्याशिवाय बेडा." ते म्हणाले, "मग विचारा की. कुठं असते ती?" मी म्हटलं नाशिकला. कोण ती, हे त्यांनी विचारलं नाही. लष्कर मोहल्ल्यात कुणाला काही विचारावं लागत नाही.

तेव्हापासून डबा बंद आहे. ओढलेली डिस्क कमलाक्षीच्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवलीय.

त्या त्रेचाळीस भागांची दुसरी प्रत कुठे नाही, हे तुला माहीत आहे. तू दहादा सांगितलं होतंस, अप्पा, एक प्रत बाहेर काढून ठेवू. मी म्हणायचो, घरातली वस्तू घरात आहे, जातेय कुठे. वडिलांनी रंगाच्या सगळ्या कृती मला सांगितल्याच नाहीत. मी बांधकाम खात्यात नकाशे काढायची नोकरी धरली म्हणून रुसले आणि सुनेला, कमलाक्षीला, सांगितल्या. तिनं त्या कागदावर कधी लिहिल्या नाहीत. तू लॅपटॉपवरच्या नोकरीतल्या दुपारच्या सुट्टीत तिच्या पलंगाशी मोबाइल ठेवून बसायचीस आणि ती सांगायची. हिरडा किती, तुरटी केव्हा, मंजिष्ठेला ऊन कोणतं. आता ते कुठेच नसेल तर मीच ते घालवलं. आणि कृती एक वेळ जाऊ देत. तिचा आवाज मला दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

७ जुलैला तिचं तिसरं वर्षश्राद्ध आहे. रवि बंगळूरहून आला होता तेव्हा म्हणाला, जेवणानंतर सगळ्यांना अम्माचा आवाज ऐकवू. त्याला अजून यातलं काही माहीत नाही.

काही करता येण्यासारखं असेल तर दोन ओळी लिही.

श्रीनिवासराव


१३ जून २०२४

नमिता,

उत्तर आलं नाही. पोस्ट उशिरा पोचलं असेल असं रोज सकाळी म्हणतो आणि दुपारी तू का लिहावंस असं म्हणतो. दुपारचं खरं आहे.

रविचा काल फोन आला होता. आवाजाचं काय झालं विचारत होता. मग म्हणाला, "अप्पा, एक करायला लागेल. मधे मधे नमिता बोलते ना, तेवढं कापून घे. मंडळी बसलेली असणार, बरं दिसत नाही." मी 'हं' म्हणालो. ठेवल्यावर खुर्चीत बसून राहिलो. आवाज मिळेल की नाही याचा पत्ता नाही, आणि कापायचं काय ते आधी ठरलंय.

मग मला तुमचं मोडायचं ठरलं ती, आमच्यातल्या वडीलधाऱ्या भुजंगरावांच्या घरची बैठक आठवली. खरं म्हणजे आठवायला ती विसरली कधी होती? इतके दिवस मी तिच्याभोवतीनं फिरतोय. पहिल्या पत्रात डिस्कच्या गोष्टी केल्या, दुसऱ्यात हंड्यांच्या. हे पत्र तुझ्याकडून काही मिळावं म्हणून लिहीत नाही. डब्याचं जे व्हायचं ते होऊ दे.

त्या दिवशी रवि सगळ्यांसमोर म्हणाला की अम्माच्या आजारपणात नमितानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही, दिवसभर लॅपटॉपला चिकटलेली असायची. तू त्याच्याकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. भुजंगरावांनी मला विचारलं, "श्रीनिवासा, घरात तू होतास. तू सांग." माझ्या हातात कॉफीचा पेला होता. मी पेल्याकडे बघत म्हणालो, "मी म्हातारा माणूस, मला काय विचारता. मुलांचं मुलांनी बघावं."

चौदा महिने मी घरात होतो. तिची कूस बदलायला तू दर दोन तासांनी उठायचीस, ते मी बघत होतो. पाठीला जखम झाली नाही एवढ्या महिन्यांत, डॉक्टरांनी मला विचारलं, कोण करतं हो यांचं, तेव्हा मी अभिमानानं 'सून' म्हणालो होतो. तिथे म्हणालो, डॉक्टरांपाशी. आपल्या माणसांत नाही म्हणालो. रवि रविवारी यायचा, आईकडे बघवत नाही म्हणून अंगणात बसायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचा. हे मला दिसत होतं. तो खोटं का बोलतोय हेही त्या क्षणी दिसलं. मुलगा चार लोकांत उघडा पडू नये म्हणून तुला पडू दिलं.

तुमचं पटत नव्हतं, तुम्ही वेगळे झालात, त्याला माझी काही ना नाही. पण तू म्हैसूर सोडलंस ते सासूला टाकून दिलेली बाई असं नाव घेऊन. ते नाव सांगलीला तुझ्या आईच्या कानापर्यंत गेलं, हे मला कळलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर गेलं नसतं.

माफ कर म्हणायची माझी लायकी नाही. तरी म्हणतो. माफ कर.

श्रीनिवासराव


२० जून २०२४

नमिता,

काल तुझं पत्र मिळालं. पोस्टमन फाटकाबाहेर पडायच्या आत फोडलं.

वर नाव नाही, खाली सही नाही. एक छापील पान, त्यावर अकरा कलमं. तारीख १४ जून. मी दोनदा बघितली. म्हणजे माझं तिसरं पत्र तुझ्या हातात पडण्याआधी तू हे लिहिलंस. मी काही कबूल करायच्या आधीच. त्या पानाकडे बघून मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

आणि सातवं कलम. 'अप्पा, इथे घाई करू नका.' बाकी दहा कलमांत माणूस नाही, या एकात आहे. मी ते इतक्यांदा वाचलं की जगन्नाथराव कंटाळून म्हणाले, "आठवं तरी वाचा हो, सातवं पाठ झालं आपलं दोघांचं."

हो, त्यांना बोलावलं होतं. एकट्यानं काही करायचं नाही असं तू पहिल्याच कलमात लिहिलंस. सकाळी दहाला बसलो. वीज काढली. मी चुकून घातलेली नवी डिस्क बाहेर घेतली. लुगड्यातली डिस्क तिच्या तिच्या खणात परत सारली. 'डावीकडून तिसरा खण' असं तू लिहून खाली रेघ मारलीस, दोनदा. तरी मी एकदा उजवीकडून मोजून बघितलंच, ती सवय जात नाही. दुसरा खण तू म्हणालीस तसा मोकळा ठेवला. डबा चालू केला. तो घुरघुरला, एक दिवा, दोन दिवे, तीन. टेप मी काढून टाकलीय.

मग तुझी ती दोन ओळींची आज्ञा. जगन्नाथराव एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचे, मी टाइप करायचो, आणि मग दोघं मिळून ताडून बघायचो. शाळेत स्पेलिंग पाठ करायचो तसं. शेवटची कळ त्यांनी मला दाबायला लावली. म्हणाले, "तुमच्या घरातलं आहे, तुम्ही दाबा. माझ्या हातावर नको."

पडदा किती तरी वेळ तसाच. जगन्नाथरावांनी खिशातून तपकिरीची डबी काढली आणि तशीच हातात धरून बसले. मग फोल्डर एकेक करून उगवले. फोटो. कागद. आणि 'आई' नावाचं तुझं फोल्डर.

तू बजावलं होतंस की नवी डिस्क बसवायच्या आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, कारण पुन्हा भरताना जुन्या डिस्कना सगळ्यात जास्त ताण पडतो. तसं केलं. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस भाग धड आले. सतरावा अर्ध्यात तुटतो. एकोणचाळिसावा उघडतच नाही, त्यात काय होतं ते तुला आठवतं का? मग नवी डिस्क दुसऱ्या खणात घातली. डावीकडून. आज सकाळी पडद्यावर हिरव्या अक्षरात 'सर्व ठीक' आलंय.

पहिला भाग मी जगन्नाथरावांसमोरच लावला. कमलाक्षी म्हणते, "अळलेकाई म्हणजे तुमचा तो हिरडा. स्वल्पच घालायचा. जास्ती झाला की रंग रागावतो." तू विचारतेस, "आई, स्वल्प म्हणजे नेमकं किती?" ती म्हणते, "स्वल्प म्हणजे स्वल्प, अष्टे, तेवढंच." मग तू, "चमचाभर?" आणि ती, "तुझ्या चमच्यानं की माझ्या?" आणि तुम्ही दोघी हसता.

तिचा नवरा म्हणून चव्वेचाळीस वर्षं माझी कमाई, आणि अशी हसलेली ती मला तीनचारदाच आठवते. तिचं ते हसणं मी विसरलो होतो, नमिता. तिच्या खोलीत झोपतो, तिची उशी घेतो, आणि तिचं हसणं विसरलो होतो.

तुझा आवाज कापायचा तर काय उरतं ते मी बघितलं. तू विचारलंस म्हणून ती बोलली. तुझा प्रश्न काढला की तिचं उत्तर लोंबकळतं. हे काम होणार नाही, असं रविला कळवणार आहे.

एकतिसावा भागही ऐकला. त्यात ती रंगाचं सांगता सांगता मधेच थांबते आणि म्हणते, "राहू दे ग आता. रात्रभर माझ्यापायी जागलीस, डोळे बघ कसे झालेत. जा, नीज जा." जगन्नाथरावांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "श्रीनिवासराव, त्या दिवशी हेच लावा. तुम्हाला काही बोलायलाच नको. वहिनीच बोलतील."

मला क्षणभर फार बरं वाटलं. मग कळलं की मला बरं का वाटलं.

तुझं पान देवघरात ठेवलंय. हसू नकोस.

अप्पा


९ जुलै २०२४

चि. नमिता,

लिहून टाकलं. वाटलं तर तू खोड.

सोबत एक छोटी डिस्क पाठवतोय. एकेचाळीस भाग आणि सतराव्याचा अर्धा. काही कापलेलं नाही. या सगळ्याची एक प्रत तुझ्याकडे आधीपासून असायला हवी होती.

परवा रविवारी श्राद्ध झालं. बावीस माणसं होती, भुजंगराव धरून बैठकीला होते ते सगळे. गोदावरीबाईही आल्या होत्या, त्यांनीच ती गोष्ट सांगलीपर्यंत नेली. जेवणं आटोपली, विडे वाटले, रविनं स्पीकर जोडला आणि माझ्याकडे बघितलं. त्याला मी आधी सांगितलं होतं की कापलेलं नाही. तो "बरं" म्हणाला होता, पण त्याचं तोंड उतरलं होतं.

मी उभा राहिलो. चार ओळी कागदावर लिहून नेल्या होत्या, तुझ्या मराठीत. तो कागद काही उघडला गेला नाही. आपल्याच बोलीत बोललो. म्हणालो, "आवाज लावायच्या आधी एक सांगायचं आहे. कमलाक्षीचं चौदा महिने सगळं नमितानं केलं. अंग पुसलं, कूस बदलली, रात्री जागली. मी घरात होतो, मी बघितलं. त्या दिवशी भुजंगण्णांनी मला विचारलं आणि मी खोटा वागलो. गप्प बसलो ते खोटंच."

भुजंगराव म्हणाले, "श्रीनिवासा, आज हे काढायची काय गरज? चांगल्या दिवशी?"

मी म्हणालो, "अण्णा, तेव्हा तुम्ही विचारलंत. उत्तर आज देतोय."

मी खुर्चीची पाठ धरली. लोकांना वाटलं असेल म्हातारा आता पडतो. पडलो नाही. गोदावरीबाई विड्याच्या पानाची शीर काढत राहिल्या, सगळी शीर निघाली तरी. जगन्नाथराव मागच्या रांगेत होते, ते म्हणाले, "आता लावा की." आणि रविनं लावलं.

एकतिसावा नाही लावला. मी त्याला पहिला लावायला सांगितला होता. हिरड्याचा. तुम्ही दोघी हसलात तेव्हा खोलीतली दोनतीन माणसं हसली, आणि मग हसावं की नाही म्हणून थांबली. भुजंगराव मान खाली घालून ऐकत होते. शेवटी उठताना म्हणाले, "मुलीला पत्र लिहीत असशील तर माझं नाव घाल." घालतोय.

रवि मध्येच उठून बाहेर गेला. पाहुणे गेले तरी आला नाही. मी जाऊन बघितलं तर अंगणात बसला होता, आई आजारी असताना बसायचा त्याच पायरीवर. मी शेजारी बसलो. म्हणाला, "अप्पा, मला ठाऊक होतं. मला यायला भीती वाटायची. ती करत होती आणि मी करत नव्हतो, म्हणून तसं बोललो."

त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो माझा मुलगा आहे, तुझ्यावर त्यानं अन्याय केला, आणि मी करू दिला. या तिन्ही गोष्टी मला आता एकदम बोलता येतात.

तो काल बंगळूरला गेला नाही. दिवसभर डब्यासमोर बसून भाग ऐकत होता. चारच्या सुमाराला कॉफी घेऊन गेलो तर एकतिसावा चालू होता. मी पेला ठेवून परत आलो.

आज सकाळी त्यानं माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. म्हणाला, "तिला लिहायचं आहे. परत ये म्हणायला नाही, तो हक्क मला नाही. जे बोललो त्याबद्दल."

मी दिला नाही. म्हणालो, पत्ता तिचा आहे, तिला विचारतो. त्याला ते पटलं, म्हणाला विचारा.

तर विचारतोय. देऊ का? 'नको' असेल तर तसं लिही. त्याला तेवढंच सांगेन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

अप्पा